खोक्यावरचे शब्द वाचायला शिका: टीव्ही आणि साउंडबार घेताना, जोडताना, बिघडल्यावर

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या किंवा राजारामपुरीतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलात की भिंतभर टीव्ही चालू असतात आणि प्रत्येकाखाली शब्दांची माळ लावलेली असते: फोरके, एचडीआर, डॉल्बी ॲटमॉस, १२० हर्ट्झ, एआरसी, ५०० वॅट. यातले बहुतेक शब्द खोटे नसतात. पण प्रत्येक शब्द कुठल्या तरी अटीवर खरा असतो, आणि ती अट पट्टीवर लिहिलेली नसते.

नदीवरून चार इंची पाईपनं पाणी आणलं आणि शेवटी अर्धा इंची नळ बसवला, तर बादली अर्ध्या इंचाच्या धारेनंच भरते. चित्राचं आणि आवाजाचंही तसंच आहे. सिग्नल ॲपमधून किंवा सेट टॉप बॉक्समधून निघतो, केबलमधून जातो, टीव्हीच्या पाठीमागच्या एका सॉकेटात शिरतो, पडद्यावर उमटतो, आणि आवाज तिथून पुढं साउंडबारला जातो. या वाटेवर जी जागा सगळ्यात अरुंद, तेवढंच आपल्या पदरात पडतं. म्हणून खालचे शब्द त्याच वाटेनं घेतले आहेत. दुकानात जाण्याआधी एकदा वाचा, आणि सामान घरी आल्यावर जोडताना पुन्हा एकदा वाचा.

आधी घरात टेप लावा

टीव्हीचा इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. रुंदी त्याहून कमी असते. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच भरतो, ५५ इंची सुमारे १२२ बाय ६९. कोनाड्यात किंवा जुन्या शोकेसमध्ये बसवायचा असेल तर वर कडेची पट्टी, आणि दोन्ही बाजूंना हवा खेळायला दहा-दहा सेंटिमीटर धरा.

आता बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. डोळ्यापासून मोजा, सोफ्याच्या पायापासून नको. पेठेतल्या घरात बाहेरची खोली दहा बाय बाराची असते, तिथं डोळा ते पडदा अंतर आठ फुटांच्या आसपास येतं. पडद्याचा कर्ण गुणिले १.६ हे सिनेमासारखं बघायला सोयीचं अंतर. ५५ इंचाला ते सव्वासात-साडेसात फूट होतं, ४३ इंचाला पावणेसहा. म्हणजे आठ फुटांवर ५५ इंच मोठा नाही, अगदी मापात आहे.

याच टेपवर ‘फोरके’ या शब्दाचीही किंमत कळते. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, एकूण सुमारे २०.७ लाख ठिपके. फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. पण माणसाच्या डोळ्याला एका मर्यादेपलीकडं दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके साडेपाच-पावणेसहा फुटांपलीकडं एकमेकांत मिसळतात, ५५ इंचीवर सात फुटांपलीकडं. आठ फुटांवर बसणाऱ्याला ४३ इंचात फोरके आणि फुल एचडी यांतला फरक जवळजवळ दिसणार नाही. ४३ इंचात आता बहुतेक टीव्ही फोरकेच येतात, तेव्हा ते टाळा असं म्हणणं नाही. फक्त ‘फोरके’ या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नका, ते उजेडासाठी आणि काळ्या रंगाच्या खोलीसाठी मोजा. ३२ इंचात मात्र ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ हे दोन वेगळे पडदे असतात. एचडी रेडीत सहसा १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. बेडवर चार-पाच फुटांवरून बघणार असाल तर फुल एचडीच मागा.

उंचीची चूक तर घरोघरी दिसते. बसवायला आलेला माणूस उभ्यानं माप घेतो आणि टीव्ही साडेपाच फुटांवर ठोकतो. सोफ्यावर बसून डोळा जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतो, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. भोक पाडण्याआधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, बसून बघा, मगच ड्रिल लावू द्या.

पडद्यामागचा उजेड

‘एलईडी टीव्ही’ हा शब्द फसवा आहे. तो खरा एलसीडी पडदाच. मागं किंवा कडेला एलईडी दिवे लावलेले असतात म्हणून त्याला ते नाव पडलं. ‘क्यूएलईडी’ हासुद्धा एलसीडीच, त्यात दिव्याच्या आणि पडद्याच्या मध्ये क्वांटम डॉटचा थर असतो, त्यानं रंग जास्त भरदार येतात. ‘मिनी एलईडी’मध्ये मागचे दिवे अगदी बारीक आणि पुष्कळ असतात, त्यांचे गट करून अंधाऱ्या भागातले दिवे मंद करता येतात. याला लोकल डिमिंग म्हणतात. ‘ओएलईडी’ मात्र सर्वस्वी वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळं काळा रंग खराखुरा काळा दिसतो. त्याचं दुखणं एकच: एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं तर त्याचा डाग बसू शकतो. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांचं चॅनल चालू असेल आणि खालची पट्टी हलत नसेल, तर ओएलईडी घेऊ नका.

दुकानातले टीव्ही ‘स्टोअर मोड’मध्ये, म्हणजे सगळे रंग आणि उजेड पूर्ण चढवून लावलेले असतात. सेल्समनला सांगून ‘होम मोड’ करून घ्या, पिक्चर मोड ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’वर आणा आणि मगच तुलना करा. कंपनीच्या डेमोत मासे आणि फुलं असतात, त्यात वाईट टीव्हीसुद्धा चांगला दिसतो. त्यापेक्षा स्वतःचा पेन ड्राइव्ह न्या. त्यात मोबाईलवर काढलेले दोन छोटे व्हिडिओ असू द्यात, रेकॉर्डिंगमधलं एचडीआर बंद करून काढलेले. एक दुपारच्या उन्हात घेतलेला तांबड्या मातीचा आणि घामेजलेल्या अंगाचा. खासबागेतल्या कुस्तीचा असेल तर फारच उत्तम, कारण मातीचा तांबडा आणि कातडीचा तांबूस हे दोन रंग जवळचे आहेत. रंग जास्त चढवणारा टीव्ही पैलवानाला मातीच्याच रंगाचा करून टाकतो. दुसरा व्हिडिओ संध्याकाळचा, सावलीत उभ्या असलेल्या माणसाचा. काळ्या केसांत बटा दिसतात की नुसता काळा गोळा दिसतो, ते बघा. नंतर दोन पावलं बाजूला सरकून तेच चित्र तिरपं बघा. व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार. व्हीए पडद्याचा काळा समोरून चांगला असतो पण तिरपं बघताना रंग फिके पडतात, आयपीएसचं उलट. खोलीत सगळे समोर बसत असतील तर व्हीए, बाजूला दिवाण असेल तर आयपीएस.

एचडीआर: सगळ्यात जास्त फसवणारा शब्द

एचडीआर म्हणजे एकाच चित्रात झगझगीत उन्हाचे आणि गडद सावलीचे तपशील दोन्ही दाखवण्याची सोय. उजेड ‘निट’मध्ये मोजतात. साधं चित्र १०० निट धरून तयार केलेलं असतं, एचडीआरचं बरंचसं १००० निट धरून. आता टीव्हीचा स्वतःचा उजेडच २५०-३०० निट असेल तर? खोक्यावर तरीही ‘एचडीआर’ लिहिता येतं, कारण तो सिग्नल टीव्हीला कळतो. कळतो, पण दाखवता येत नाही. अशा टीव्हीवर एचडीआर लावलं की चित्र उलट अंधारं दिसतं आणि लोक म्हणतात की ॲप बिघडलं. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: पीक ब्राइटनेस किती निट? ५००-६००च्या खाली उत्तर आलं तर एचडीआर हा शब्द बाजूला ठेवून किमतीचा विचार करा.

एचडीआर१०, एचडीआर१०+, डॉल्बी व्हिजन आणि एचएलजी हे त्याचे प्रकार. एचडीआर१०मध्ये पूर्ण सिनेमासाठी उजेडाच्या सूचनांचा एकच संच असतो, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+मध्ये त्या दृश्यागणिक बदलतात. कमी उजेडाच्या टीव्हीला या बदलत्या सूचनांचा जास्त उपयोग होतो. एचएलजी बीबीसी आणि जपानच्या एनएचकेनं प्रक्षेपणासाठी बनवलं. सोबत ‘१० बिट’ हा शब्द दिसेल. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आभाळात रंगाच्या पायऱ्या पडलेल्या दिसतात त्या बहुतेकदा छटा कमी पडल्यामुळं.

हर्ट्झ आणि फ्रेम

पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो ते हर्ट्झ, आणि मूळ चित्रीकरणात सेकंदाला किती चित्रं घेतलीत ते फ्रेम रेट. मूकपटांच्या काळात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा घडवला तेव्हा फ्रेमचा वेग हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर होता. बोलपट आले तसा आवाजासाठी वेग पक्का करणं भाग पडलं आणि २४ फ्रेम ठरल्या. सिनेमा आजही बहुतांशी २४वरच बनतो. ६०ला २४नं भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या टीव्हीवर एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा सावकाश फिरत असेल तेव्हा जो हलका हिसका जाणवतो तो त्याचाच. १२०ला २४, ३० आणि ६० तिन्हींनी भाग जातो, १२० हर्ट्झच्या पडद्याचं खरं मोल हेच आहे.

पण ‘मोशन रेट २४०’ किंवा ‘क्लॅरिटी इंडेक्स’ असले आकडे हर्ट्झ नव्हेत, ते कंपनीनं स्वतःच ठरवलेलं माप. ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?’ असंच विचारा. फुटबॉल बघणाऱ्या घरात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण हिरव्या मैदानावर जाणारा पांढरा चेंडू शेपूट सोडतो की गोल राहतो, ते पडद्याच्या वेगावर ठरतं. टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’ची सोय सामन्याला थोडी चालते. सिनेमाला ती पूर्ण बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

‘१०८०आय’ आणि ‘१०८०पी’ यांतला ‘पी’ म्हणजे पूर्ण चित्र एकदम, ‘आय’ म्हणजे एक आड एक ओळी. आपल्याकडची एचडी चॅनल सहसा ‘आय’मध्ये येतात, त्यांची पूर्ण चित्रं टीव्ही स्वतः जुळवतो. त्यात तुम्हाला करण्यासारखं काही नाही.

टीव्हीची पाठ

दुकानात टीव्ही फिरवून पाठ बघायला संकोच करू नका. एचडीएमआयची सॉकेटं सगळी सारखी दिसतात पण सारखी नसतात. ‘१.४’ ही आवृत्ती सेकंदाला १०.२ गिगाबिट नेते, त्यातून फोरके ३० फ्रेमपर्यंत जातं. २.० हे १८ गिगाबिटचं, फोरके ६०. २.१ जास्तीत जास्त ४८ गिगाबिटचं, फोरके १२०. या पाठीवर बहुधा एकाच सॉकेटाशेजारी बारीक अक्षरात ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनंच उलट साउंडबारकडं पाठवण्याची सोय, ई-एआरसी ही तिची जास्त क्षमतेची आवृत्ती. साउंडबार त्याच सॉकेटात जायला हवा, दुसऱ्यात लावला तर टीव्हीचा आवाज बारला जाणारच नाही.

केबलवर आवृत्तीचा आकडा बघू नका, प्रकार बघा. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. दोन मीटरची चांगली केबल पुरत असेल तर पाच मीटरची घेऊन गुंडाळी करून ठेवू नका. लांबी वाढली की चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा मधूनच पडदा काळा होतो. दहा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल लागते, आणि तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. भिंतीच्या पाईपातून ओढण्याआधी हे वाचा. उलटी ओढली गेली तर पूर्ण काम पुन्हा करावं लागतं.

एचडीसीपी म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप. फोरकेसाठी २.२ आवृत्ती लागते, आणि ती बॉक्स, मधला ॲम्प्लिफायर, टीव्ही अशी सगळीकडं असावी लागते. मधलं एक यंत्र जुनं असलं तरी चित्र काळं पडतं किंवा १०८०वर उतरतं.

स्मार्ट टीव्हीतलं ॲप

टीव्ही फोरके, नेट जोरात, तरी चित्र धुरकट. कारणं तीन. ॲपचा प्लॅन फोरकेचा नसतो. किंवा टीव्हीला ‘वाइडवाइन एल१’ हे नक्कल रोखण्याच्या सोयीचं प्रमाणपत्र नसतं, फार स्वस्त टीव्हीत आणि स्टिकमध्ये एल३ असतं, मग मोठी ॲप्स साध्या एसडीवरच थांबतात. किंवा वायफाय पोचत नाही. फोरकेला सलग १५ ते २५ मेगाबिट लागतात. मोबाईलवर वेग बघून उपयोग नाही, टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये बघा. जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पार होत नाही. तिथं २.४ गिगाहर्ट्झ निवडा, किंवा सरळ लॅन केबल ओढा, टीव्हीचं लॅन सॉकेट १०० मेगाबिटचं असलं तरी फोरकेला भरपूर होतं.

पेन ड्राइव्हवरचा सिनेमा चालत नाही तेव्हा ‘कंटेनर’ आणि ‘कोडेक’ हे दोन शब्द लागतात. एमकेव्ही, एमपी४ हा डबा आणि आतला पदार्थ एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१. डबा ओळखीचा असूनही आतला पदार्थ टीव्हीला पचला नाही की ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’ येतं. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर आवाज बहुधा डीटीएस या आवाजाच्या कोडेकमध्ये आहे आणि टीव्हीला डीटीएस येत नाही. आणि चार जीबीपेक्षा मोठी फाईल ड्राइव्हवर जातच नसेल, तर ड्राइव्ह ‘फॅट३२’मध्ये आहे. आतलं सगळं दुसरीकडं उतरवून घ्या आणि ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा.

आवाज: वॅटचा बाजार

टीव्ही पातळ झाले तशी स्पीकरला जागा उरली नाही, म्हणून साउंडबार आले. त्यांच्या खोक्यावर ‘५०० वॅट’ असतं. ते ‘आरएमएस’ की ‘पीएमपीओ’? आरएमएस म्हणजे यंत्र सलग देऊ शकेल तेवढी ताकद. पीएमपीओला कुठलंही ठरलेलं माप नाही, तो आकडा वाट्टेल तेवढा लिहिता येतो. आरएमएसच्या आकड्यापुढंही टक्केवारी असते: ‘१० टक्के टीएचडीला ४० वॅट’. टीएचडी म्हणजे आवाजाची विकृती. दहा टक्क्यांना आवाज फाटलेला कानाला स्पष्ट कळतो. तोच ॲम्प्लिफायर १ टक्क्याला मोजला तर आकडा खाली येतो. म्हणून दोन यंत्रं ताडताना टक्का सारखा हवा. यंत्राची पाठही बघा: तिथं वीज ६० वॅट लिहिली असेल आणि खोक्यावर ५०० असतील, तर ते ५०० क्षणभराचे आहेत. पाठीवरचा आकडा बहुधा सरासरी वापराचा असतो, त्यामुळं दोन्ही जुळणार नाहीत, पण आठपट अंतर पुष्कळ बोलतं.

आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्यापेक्षा स्पीकरची ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जेवढा बोलतो, तेवढं बोलायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात.

वेगळा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेणाऱ्यांनी ‘ओहम’, म्हणजे स्पीकरच्या रोधाचा आकडा, जपावा. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘६–१६ ओहम’ लिहिलं असेल आणि तुम्ही ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले, तर एकूण ४ ओहम होतात. करंट वाढतो, यंत्र तापतं, प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतं, किंवा जळतं. स्पीकर मात्र बऱ्याचदा जास्त वॅटनं नाही, तर छोटा ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळल्यानं जातात. लाटेचं डोकं छाटलं जातं, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि त्यातून निघणाऱ्या जादा वरच्या सुरांनी आधी ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जातो.

वायरचंही गणित आहे. दहा मीटरवरच्या ८ ओहमच्या स्पीकरला १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते, जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२३ ओहम. स्पीकर ४ ओहमचा असेल तर २.५ घ्या. स्वस्त वायरीचं टोक ब्लेडनं घासा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. एका स्पीकरची अधिक-उणे उलटी लागली तर दोन्ही स्पीकर वाजतात पण बेस गायब होतो आणि गायक कुठं उभा आहे ते कळत नाही. एका स्पीकरची टोकं बदला, बेस परत आला की समजा.

‘५.१’मध्ये ५ म्हणजे साधे स्पीकर, १ म्हणजे सबवूफर, फक्त बेस वाजवणारा. ‘३.१.२’मधला शेवटचा २ म्हणजे छताकडं तोंड केलेले, डॉल्बी ॲटमॉससाठी, म्हणजे आवाज डोक्यावरूनही यावा यासाठी. छतावर आपटून आवाज खाली यावा ही त्यामागची कल्पना, त्याला सपाट आणि बेताच्या उंचीचा स्लॅब लागतो. कौलारू किंवा लाकडी तुळयांच्या छताखाली ते दोन स्पीकर फुकट जातात. तिथं ३.१ घ्या, मधला स्पीकर वेगळा असल्यानं संवाद स्वच्छ येतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बेस वाढतो आणि घुमतोही, भिंतीपासून फूटभर पुढं ओढून ऐका. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमतो. सोफ्यासमोर जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्यानं जो फरक पडतो तो हजारो रुपये जास्त मोजूनही मिळत नाही.

साउंडबार जोडण्याचा क्रम

१. टीव्ही, बार आणि बॉक्स, तिघांच्याही पिना बोर्डातून काढा. चालू यंत्राच्या सॉकेटाचा पत्रा हाताला झिणझिण्या देतो. तो गळतीचा व्होल्टेज असतो, आणि चालू असताना एचडीएमआय खुपसण्यानं सॉकेट जाण्याचा धोका राहतो.

२. बारवरचं ‘टीव्ही–एआरसी’ सॉकेट आणि टीव्हीवरचं एआरसी सॉकेट जोडा. बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला.

३. टीव्ही सुरू करून सेटिंगमध्ये ‘सीईसी’, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

४. साउंड आउटपुट एआरसीवर आणा आणि डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ करा. ‘पीसीएम’ राहिलं तर साध्या एआरसीतून दोनच चॅनल जातात आणि ५.१चा बार स्टिरिओसारखा वाजतो.

५. बॉक्स ज्या सॉकेटात आहे त्याचं ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ चालू करा. बऱ्याच टीव्हीत हे आधी बंद असतं आणि त्यामुळं एचडीआर येतच नाही.

६. आवाज नाही आला तर सगळ्यांच्या पिना दोन मिनिटं काढून ठेवा, आधी टीव्ही सुरू करा, मग बार. यंत्रांची आपसातली ओळखपाळख चुकलेली असते, ती नव्यानं होते.

ऑप्टिकल केबलनं जोडलं तर डॉल्बी डिजिटल ५.१पर्यंतच मिळतं, ॲटमॉस नाही. एआरसीतून ॲप्सचं ॲटमॉस जातं. ब्लू-रेचं दर्जा न घटवलेलं ॲटमॉस हवं असेल तर ई-एआरसी. ब्लूटूथ गाण्यांना ठीक, टीव्हीला नको: साध्या एसबीसी कोडेकनं आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागं पडतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी कोण पुढं आहे ते ओळखा. पंचगंगेच्या घाटावर ३५ मीटरवर कुणी धुणं आपटलं तर आवाज सुमारे १०० मिलिसेकंदांनी पोचतो, आणि ते आपल्याला खटकत नाही. उलट आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद जरी आधी आला तरी मन ताबडतोब पकडतं. आवाज आधी येत असेल तर ‘ऑडिओ डिले’ दहा-दहानं वाढवा. मागून येत असेल तर डिले शून्य करा आणि ब्लूटूथ सोडून केबलवर या.

गल्लीत प्रोजेक्टर लावताना

फुटबॉलच्या विश्वचषकात अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात तेव्हा तालमींपुढं पडदेही लागतात. भाड्यानं घेताना ‘लुमेन’, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप, नुसता विचारू नका, ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला ‘ॲन्सी लुमेन’ विचारा. १२० इंची पडद्याला, गल्लीतले दिवे विझवून, ३००० ॲन्सी लुमेन हवेत. दिवे चालू राहणार असतील तर ५०००. ‘थ्रो रेशो १.५’ म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर. १२० इंची पडदा २.६६ मीटर रुंद असतो, म्हणजे प्रोजेक्टर चार मीटरवर.

वीज, पाऊस आणि बिघाड

आजच्या टीव्हीच्या पाठीवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर साध्या चढउताराला तो स्वतः सांभाळून घेतो. स्टॅबिलायझरपेक्षा चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर महत्त्वाचा. प्रोटेक्टर जादा व्होल्टेज अर्थमध्ये सोडतो, अर्थच नसेल तर त्याचा बराचसा उपयोग जातो. जुन्या घरात तीन पिनी सॉकेट असतं पण मागं अर्थची तार नसते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास यायला हवेत, शून्य आलं तर अर्थ नाहीच. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर घूं करतो, साइन वेव्हवर करत नाही.

एरवीही सलग ‘घूं’ येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झचा ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांच्या अर्थच्या जोडण्यांचं वेटोळं. बॉक्स, टीव्ही, ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर आणा. मग एकेक केबल काढून बघा. डिशची किंवा केबलवाल्याची वायर काढताच घूं थांबलं तर दोष तिथला. अर्थची पिन मोडून घूं थांबवतात ती पद्धत जिवावर बेतणारी आहे, ती करू नका.

एचडी बॉक्स असूनही चित्र पुसट दिसत असेल तर बॉक्सच्या मागं बघा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची एव्ही केबल लावलेली असेल तर त्यातून एचडी जातच नाही. एचडीएमआय लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० करा. माणसं बुटकी-जाडी दिसत असतील तर ४:३चं चित्र १६:९वर ताणलंय, आस्पेक्ट ‘ऑटो’ करा. स्कोअरची कड कापली जात असेल तर ‘ओव्हरस्कॅन’ बंद.

जून-जुलैच्या मुसळधार पावसात डिशचं चित्र चौकटी-चौकटी होऊन जातं. डीटीएच ज्या केयू बँडवर येतं त्या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात, त्यात यंत्राचा दोष नाही. अशा वेळी गच्चीवर चढू नका. वळवाचा गडगडाट सुरू झाला की मात्र बॉक्सची पिन काढा आणि डिशची वायरही बॉक्समधून सोडवा. आभाळातली वीज घरातल्या बोर्डातून शिरते तशी त्या वायरीतूनही आत शिरू शकते.

पाऊस थांबून ऊन पडल्यावरही सिग्नल कमीच असेल तर डिशकडचा कनेक्टर उघडा. मधली तार काळी किंवा हिरवी पडलेली असेल तर पाणी शिरलंय. दोन-तीन इंच वायर कापून टाका, नवा कनेक्टर बसवा, मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा, जाळीचा एकही केस तिला शिवू देऊ नका. आणि वायर जोडाकडं जाण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी जोडात न जाता झोळाच्या तळातून टपकेल.